सत्काराचा नारळ

निपाणीजवळच्या एका गावात, मराठी शाळेत मी शिकवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई विड्या वळायची. एकच खोली, तिच्यात पानांचे गठ्ठे, तंबाखूचा खकाणा आणि आम्ही चार माणसं. पुस्तक उघडलं की शिंका सुरू व्हायच्या. म्हणून नववी-दहावीचा अभ्यास मी पलीकडच्या गल्लीत, मिलिटरीआप्पांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून केला.

आप्पा फौजेत होते. थोरला भाऊ अचानक गेला, आई अंथरुणाला खिळली, तेव्हा पेन्शनला लागणारी वर्षं पुरी व्हायच्या आतच ते घरी परतले आणि पुढं तंबाखूच्या वखारीत वॉचमन झाले. त्यांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी मी सोप्यात बसले की काकू माझंही ताट वाढायच्या. मी नको म्हटलं तर आप्पा आतून ओरडायचे, "जेवून घे गं! उपाशी पोटी गणित सुटत न्हाय, उगंच वही खराब करशील."

मी शिकले, लग्न झालं, नोकरी लागली. बदली होऊन माझ्याच गावच्या शाळेत आले, तोवर काकू गेल्या होत्या.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला आप्पांचा सत्कार करायचं मीच सुचवलं. शाल दिली, नारळ दिला. सैनिकांच्या त्यागावर मी भाषण केलं, आणि ते चांगलंच रंगलं. राष्ट्रगीत संपेपर्यंत आप्पा सावधान उभे होते. त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली मला दिसली होती. वयामुळं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

त्यांची छत्री शाळेत राहिली होती. ती द्यायला मी संध्याकाळी गेले. आप्पा उंबऱ्याशी बसले होते. सत्काराचा नारळ फोडलेला. ताटलीत खोबऱ्याचे काप, शेजारी गुळाचा खडा.

"काय आप्पा, प्रसाद एकट्यालाच व्हय?" मी हसत म्हटलं.

"ये, बस. जेवतोय," ते म्हणाले, आणि ताटली मागं सारली. मग घाईघाईनं म्हणाले, "आज करायचा कंटाळा आला गं."

आत चूल थंड होती. शेजारणीकडून कळलं की डोळ्यांत मोतीबिंदू आल्यावर वखारीतलं काम सुटलं होतं. रेशनचा तांदूळ मिळायचा, पण त्याबरोबर खायला काही नसायचं. तोही पुरवून, दिवसातून एकदाच शिजायचा. त्या रात्री मला माझं भाषण आठवत राहिलं. त्यातलं एकही वाक्य पोटात घालण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा सुरू केला. संध्याकाळी पोचवायचा, सकाळी शाळेला जाताना परत घ्यायचा. डबा लख्ख घासलेला असायचा आणि त्यात ओंजळभर तांदूळ. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आप्पांनी रीत सोडली नाही, याचं मला कौतुकच वाटलं. ते तांदूळ मी घरच्या डब्यात ओतत गेले.

काही दिवसांनी, सकाळी डबा घ्यायला गेले तर आप्पा तो हातात धरून दारात उभे होते.

"उद्यापासनं आणू नको."

"का आप्पा? तिखट होतंय काय?"

"छे गं. लई चांगलं असतंय." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. तो हलका होता. "घालायला काय ऱ्हायलं न्हाय आता."

मी तशीच शाळेत गेले. फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू हातात धरून उभी राहिले. ज्या माणसाच्या घरी मी दोन वर्षं जेवले, त्याच्या घरातला तांदूळ मीच माझ्या घरी नेत होते. आता तो परतही देता येत नव्हता. दिला असता तर आप्पांनी दारच लावून घेतलं असतं.

वाट सापडली ती शाळेच्या स्वयंपाकघरात. दुपारी मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं चव बघायची, असा आमच्याकडं नियम आहे. पालकांनीही यावं अशी अपेक्षा असते, पण पालक रानात नाहीतर विड्यांवर, येणार कोण? स्वयंपाक करणाऱ्या आक्का रोज त्यावरून कुरकुरत. मी हेडमास्तरांना आप्पांचं नाव सांगितलं.

"येऊ देत की," ते म्हणाले. "पण मुलांच्यातलं कमी पडायला नको, बाई."

"चव तेवढी पातेल्यातली. त्यांच्या जेवणाची भाकरी-भाजी माझी."

आप्पांना सांगितलं, तेव्हा ते जरा ताठ बसले. "फौजेत आमच्या लंगरमधी साहेब बघायचा चव. मी कुठला साहेब?"

"पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे आप्पा. कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे."

 दुसऱ्या दिवशी आप्पा वेळेआधी हजर झाले, दाढी करून. आक्कांनी वाटीत सांबार दिलं. आप्पांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"डाळ कच्ची हाय. अजून धा मिन्टं."

"अगंबाई!" आक्का माझ्याकडं वळल्या. "बाई, चव बघायला माणूस आणलाय का सासू आणलीय?"

पण त्यांनी जाळ वाढवला. मुलं जेवायला बसली. आप्पा रांगांमधून फिरत होते. कुणाला भात कमी, कुणाला सांबार नाही, ते वाकून जवळून बघत होते. सगळं झाल्यावर मी ताट मांडलं. त्यांनी मान हलवली.

"मी चव बघायला आलतो. बघितली."

 तेवढ्यात आक्का पदर खोचून पुढं आल्या. "एका चमच्यात काय कळतंय वो? उद्या कुणाचं पोट बिघडलं तर मी एकटीनं बोलणी खाऊ व्हय? साहेबावानी चव बघता, मग जेवा आणि जबाबदारी घ्या!"

आप्पांनी अंगणात नजर टाकली. "शेवटचं पोरगं जेवलं?"

"जेवलं."

"मग वाढा. लंगरात आमचा साहेब जवानांच्या मागनं जेवायचा."

मी मुद्दाम खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. ताट पुढं ओढल्याचा आवाज तेवढा ऐकला. आणि थोड्या वेळानं, "भाकरी हाय काय गं अजून?"

तेव्हापासून ते रोज येतात. हात धुतात, चव बघतात, आक्कांशी भांडतात, शेवटी जेवतात आणि मुलांच्या रांगेत उभे राहून आपलं ताट आपण घासतात. त्या ताटात परत काही घालून द्यावं लागत नाही. कॉलर अजून सैलच आहे, पण पूर्वीइतकी नाही.

यंदाच्या पंधरा ऑगस्टलाही आप्पांना शाल आणि नारळ दिला. भाषण मी केलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ते तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि त्यांनी नारळ आक्कांच्या हातात ठेवला.

"सांबारात घाला."

"आज कुठलं सांबार? सुट्टी हाय न्हवं?"

"मग उद्या घाला," आप्पा म्हणाले. "उद्या हायच की मी."