गॅलरीत आलेली आई

बनाबाई एका खानावळीत भाकऱ्या थापतात. शहरात त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. फुटबॉलच्या मैदानावर मात्र, तिथं एकदाही पाऊल न टाकता, त्यांचं मोठं नाव होतं. त्यांचा मुलगा प्रसेनजीत पेठेतल्या तालमीच्या संघाचा गोलकीपर. त्याच्या हातून बॉल सुटला की स्वतःच्याच संघाच्या पाठीराख्यांची गॅलरी त्याच्या आईचा उद्धार करायची. परक्यांनी केलं तर वैर, आपल्यांनी केलं की ते प्रेम!

या प्रेमात हंबीरराव सगळ्यांच्या पुढे. ‘शिवीगाळ करू नये’ असा फलक संयोजकांनी लावला होता. हंबीरराव नेमके त्यालाच टेकून बसत. दंडावर ठसठशीत अक्षरांत ‘आई’ गोंदलेलं.

प्रसेनजीत घरी काही बोलत नसे. पण एका मॅचचा व्हिडिओ खानावळीतल्या पोरांच्या मोबाईलवर आला आणि बनाबाईंना स्वतःविषयी बरीच नवी माहिती मिळाली. तव्यावरची भाकरी करपली.

पुढच्या मॅचला त्या धुतलेलं लुगडं नेसून गेल्या आणि व्हिडिओतल्या आवाजाचा माग काढत थेट हंबीररावांशेजारी बसल्या. थोड्याच वेळात प्रसेनजीतच्या हातून बॉल निसटला. हंबीररावांनी नेहमीची सेवा रुजू केली.

बनाबाई उठल्या. “हितंच हाय मी. काय म्हणत हुता?”

“तुमी कोण, मावशी?”

“जिच्या नावानं वरडताय, ती मीच की. आता त्वांडावर बोला.”

“आवं, तसं न्हवं... खेळात चालतंय.”

“चालतंय? मग ही दंडावरची आई बी आणा फुडच्या मॅचला. दोघी शेजारी बसून ऐकू.”

गॅलरी खो खो हसली. हंबीररावांनी बाही खाली ओढली.

“तू कशाला आलीस?” प्रसेनजीत घरी येऊन चिडला.

“जितं माझं नाव निघतंय, तितं मी नगो व्हय?”

त्यानं भाकरीसाठी ताट पुढं केलं.

आता बनाबाई दर मॅचला असतात. त्यामुळं सारं शहर सुधारलं असं कोणी समजू नये. समोरची गॅलरी आपली परंपरा निष्ठेनं सांभाळून आहे. इकडची मंडळी मात्र तोंड उघडण्याआधी बाई कुठं बसल्यात ते बघतात. फुटबॉलात राम राहिला नाही, अशीही काहींची तक्रार आहे.

परवा बॉल प्रसेनजीतच्या पायांमधून सरळ जाळ्यात गेला. गॅलरीनं श्वास रोखला. तेवढ्यात बनाबाईच कडाडल्या, “मुडद्या, डोळं कुटं हायत तुजं?”

“असू दे, मावशी,” हंबीरराव घाईघाईनं म्हणाले, “पोरगं हाय. चुकतंय कवातरी.”