अक्कांची डाळ

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, झाडांना घालायचं पाणी आधी डाळीला पाजायच्या. दोन पातेल्यांत मूठ मूठ तुरीची डाळ. एकात आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात गल्लीच्या टोकाच्या विहिरीचं. कुकर नाही, मंद गॅसवर, नुसतं झाकण ठेवून. आणि स्वतः स्टूल ओढून समोर. “ज्या पान्यात डाळ शिजंना, त्यात मोगरा कसा फुलंल?” हे त्यांच्या वळसंगच्या माहेरचं शिक्षण.

सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा बाग विहिरीवरच. सासऱ्यांना घरच्या विहिरीचा भारी अभिमान. पाणी इतकं नितळ, की तळातले दगड दिसायचे. टोकाच्या विहिरीचं पाणी हिरवट, वर पालापाचोळा. मी नवी सून, अर्थातच घरचं पाणी निवडलं. “दिसाया चांगलं हाय, पन खारं हाय गं सुमन,” अक्का म्हणाल्या. मला वाटलं, बाई मला उगाच लांबून बादल्या वाहायला लावतायत.

माझ्या गुलाबाची पानं कडेनं करपत गेली, मातीवर पांढरा थर धरला. अक्कांचा मोगरा मात्र अंगणभर घमघमायचा. परीक्षेला बसलेली डाळही वाया जायची नाही. तिची आमटी व्हायची आणि जेवताना सगळे आमटीचंच कौतुक करायचे. मी जळायचे. उघड सांगते, आमटीवरसुद्धा जळायचे.

पण खरं दुखणं गजऱ्याचं होतं. रोज संध्याकाळी सासूबाईंच्या अंबाड्यात अक्कांच्या हातचा गजरा. त्या अंबाड्यात एकदा तरी माझं फूल जावं, एवढीच माझी इच्छा. एकदा कसाबसा एक गुलाब उमलला, तो मी हौसेनं नेऊन दिला. सासूबाईंनी हुंगला आणि म्हणाल्या, “आगं, ह्याला वासच न्हाय की.” अक्का तेव्हा कळ्या ओवत बसल्या होत्या. हसल्या नाहीत, याचाही मला राग आला.

मग मोठ्या दिरांनी टेंभुर्णीला हायवेवर टायरचं दुकान टाकलं आणि अक्का गेल्या. जाताना म्हणाल्या, “मोगरा तुझा आता.” मी मुकाट्यानं टोकाच्या विहिरीवरून बादल्या आणू लागले. उन्हाळ्यात झाड कळ्यांनी भरलं. पहिला गजरा मी केला, सासूबाईंच्या अंबाड्यात मीच माळला. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. “अक्काचा मोगरा लई गुनाचा.”

बादल्या माझ्या, दुखरी कंबर माझी, आणि मोगरा अक्कांचा!

त्याच रात्री अक्कांचा फोन आला. मी फणकाऱ्यानंच उचलला.

“फुलला का गं?”

“फुलला.”

“हितं आसपासच्या समद्या हिरींचं पानी आणून बघितलं. एकातबी डाळ शिजंना. संगं आणलेली मोगऱ्याची फांदी वाळून गेली.” मग म्हणाल्या, “तुजा लई हेवा वाटतोय बग मला, सुमन.”

हे वाक्य ऐकायला मी लग्न झाल्यापासून आसुसले होते. ऐकलं आणि मनात आलं, जे मला अक्कांना कधी तोंडावर म्हणता आलं नाही, ते त्या किती सहज बोलून मोकळ्या झाल्या. त्याचाही मला हेवा वाटला.