सुंदराचा नारळ

१४ ऑक्टोबर १९९४, शुक्रवार. दसरा. ऊन कडक. सुपडूने सकाळी फियाट धुतली, चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बॉनेट उघडलं नाही. नारळ फोडला नाही, माझ्या हातात आणून दिला. "बाई, तुम्ही वापरा."

सुपडू पाटील सुरतेत, पांडेसऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या खोलीत राहतो. मूळचा अमळनेरकडचा. डाइंग मिलमध्ये ट्रक चालवायचा, पुढे ही जुनी फियाट घेऊन भाड्याने फिरवू लागला. दसऱ्याची पूजा मात्र त्याची बायको सुंदरा करायची. बाकीचे लोक बॉनेटवर स्वस्तिक काढून चाकाशी नारळ फोडत. सुंदरा बॉनेट उघडायला लावी, इंजिनावर हळदकुंकू वाही आणि नारळाचं पाणी आतच शिंपडी. मी एकदा हसले, तर म्हणाली, "बैलना कपायले कुकू लावतस बाई, पाठले नही."

गेल्या महिन्यात प्लेगची बातमी पसरली आणि गल्ली ओस पडली. मिळेल त्या गाडीने लोक खानदेशात निघून गेले. सुंदराला दम्यामुळे प्रवास झेपला नसता, म्हणून ती दोघं राहिली. त्याच आठवड्यात एका सकाळी तिचा श्वास असा कोंडला की ओठ काळेनिळे पडले. नाक्यावर रिक्षा नव्हती. आम्ही दोघांनी धरून तिला मागच्या सीटवर बसवलं. सुपडूने चावी फिरवली. नुसतं 'टक'. इंजिन फिरेना.

गल्ली रस्त्याकडे चढत जाते. मी धक्का मारून पाहिला, गाडी तसूभर हलली नाही. हाक मारायला शेजारी कोणी नव्हतं.

"बाई, पुढे उभ्या राहा. दिवे मंद होतात का बघा."

दिवे लख्ख होते, चावी फिरवली तरी लख्खच राहिले. म्हणजे बॅटरीत जोर होता, पण स्टार्टरला तो मिळत नव्हता. त्याने बॅटरीच्या वायरी आवळल्या. स्टार्टरवर पान्याने ठोकून पाहिलं. मग स्टार्टरवरच्या दोन जाड बोल्टांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून चावी टाळून पाहिली. तरी फिरेना.

"इतला मोठा डायवर," आतून सुंदरा धापा टाकत म्हणाली, "अन् गाडी नुसती टक टक करस."

"उगी बस व!"

शेवटी त्याचा हात इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या पट्टीवर पडला. वीज बॅटरीकडे परत जाते ती त्याच वाटेने. पट्टीचं टोक चटका बसेल इतकं तापलं होतं. नट सोडला. खाली हिरवट खार धरला होता आणि त्यात हळदीचा पिवळा थर, वर्षावर्षाचा. सुपडू त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने माझी भाजीची सुरी मागितली आणि पितळ लखलखेपर्यंत सगळं खरवडलं. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं.

मी सुंदराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिने विचारलं, "काय बिघडनं व्हतं?"

"बॅटरी," तो मागे न बघता म्हणाला. "जुनी व्हई गई."

इस्पितळात तिला प्लेग नसल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. दोन दिवसांनी ती गेली. सुपडू मला एवढंच म्हणाला, "तिला सांगितलं नाही मी, बाई. तिच्याच हातचं होतं ते."

आता गल्लीतले लोक परतले आहेत. समोरच्या घरातली छाया आज त्याला दटावत होती, "दुखवटा असू दे, पण गाडीपुढे नारळ नाही? सुंदरा असती तर खवळली असती तुझ्यावर."

"खवळली असती," सुपडू म्हणाला, आणि बॉनेटच्या फटीतलं पाणी कोरड्या फडक्याने टिपत राहिला.

संध्याकाळी मी नारळ फोडला. गोड निघाला. एका वाटीची चटणी केली, दुसरी फ्रिजमध्ये ठेवली.