आरशातली चांदणी

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकीने आपापला माणूस घेऊन जायचा असतो. त्याला प्रयोज्य म्हणतात. मुलीने त्याच्यावर प्रयोग करायचा आणि बाहेरच्या परीक्षकांनी तो बघायचा. आमच्या मुलीच्या बीएच्या परीक्षेसाठी चंद्रपूरला निघताना मी केलेल्या यादीत डबा, ओळखपत्र, जर्नल आणि त्याखाली ‘बाबा’ असं होतं.

बाबा म्हणजे माझे यजमान. चिमूरला त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मला प्रयोज्य होता येत नव्हतं, कारण वर्षभर घरी मुलीच्या सरावाला मीच बसले होते. प्रयोग असा: कागदावर चांदणी छापलेली असते. कागद आणि हात पुठ्ठ्याआड. समोरच्या आरशात बघून चांदणीवर पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला हात भलतीकडेच पळतो, मग सुधारत जातो. ती सुधारणाच मोजायची असते, म्हणून माणूस कोरा लागतो.

यजमानांना मुळात विषयच मान्य नव्हता. बीए होईल तेवढं पुरे, एमएला नागपूरला पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. “वेड्यायच्या दवाखान्यात बसणार हाये का पोरगी?” मी चौकशी करून कॅलेंडरशेजारी कागद लावला: शाळेत समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र, कौटुंबिक न्यायालय, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांत माणसं निवडायचं काम. यातलं बहुतेक नुसत्या बीएवर मिळत नाही, हेही खाली लिहिलं. त्यांनी कागद पूर्ण वाचला.

“कारखान्यात पंप दुरुस्तीवालाई लागते,” म्हणाले.

परीक्षेच्या आठवड्यात त्यांचं दाढी करणं फार लांबायला लागलं. मी न्हाणीच्या दारावर थाप मारली की आतून “झालं, झालं.” मला वाटलं, ब्लेड जुनं झालं असेल. यादीत ब्लेड लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या उघड्या दारासमोर बाकावर बसले होते. मुलीने सूचना वाचून दाखवल्या. यजमानांनी पेन्सिल धरली आणि चांदणी एका दमात पूर्ण केली. रेषेबाहेर एकदाही गेले नाहीत. दुसरी तशीच. मान वर करून त्यांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

मुलीने घड्याळ थांबवलं. “बाबा, हे तुम्ही आधी कधी केलं होतं का?”

“दाढीच्या आरशात. तुयी आई बसे तवा किती चुके! म्या म्हटलं, तुये मार्क काऊन जावं?”

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलीला विचारलं, “आता तुमचा आलेख सपाट येणार. काय करायचं?”

माझ्या हातातली पाण्याची बाटली चेपली गेली. यजमानांचा चेहरा उतरला. “मॅडम, चूक माही हाये. पोरीची नाई.”

“चूक नाही, बाबा. तो पूर्वसराव आहे,” मुलगी म्हणाली. आवाज शांत होता, घरी चहा मागतानाचा नव्हता. मग परीक्षकांकडे वळून तिने सांगितलं, की झालं ते जर्नलमध्ये तसंच लिहीन आणि परवानगी असेल तर पुढच्या फेऱ्या डाव्या हाताने घेईन. उजव्याच्या सरावाचा डाव्याला थोडा फायदा मिळेल, तोही नोंदवीन.

“घ्या,” बाई म्हणाल्या.

डाव्या हाताने यजमानांची चांदणी बेडकासारखी आली. ते वैतागून पेन्सिल ठेवायला लागले. “सावकाश करा, बाबा. तुमच्या वेगाने,” मुलगी म्हणाली. प्रत्येक कागदाला ती तेवढंच म्हणाली. शेवटच्या कागदावर चांदणी चांदणीसारखी दिसली.

बाहेर आल्यावर मुलगी जर्नलवर सही घ्यायला थांबली. आम्ही दोघं फाटकाजवळ उभे राहिलो. यजमान बोटं चोळत होते.

“म्या तिची परीक्षा बिघडवली अन् तिनं मले डांटलं नाई,” ते म्हणाले. “तू असती त सोडलं असतं का?”

“नसतं सोडलं.”

“मले बी असं नाई जमत. गिऱ्हाइकानं पंप खोलून आणला का पहिले शिव्याच निंगते.” त्यांनी बोटं चोळणं थांबवलं. “नागपूरले होस्टेल पाह्याले कोन जाते?”

मी पर्समधून यादी काढली. होस्टेल त्यात होतंच. त्यापुढे मी ‘बाबा’ असं लिहिलं.