कुंदाताईच्या नाकातलं पाणी

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. टोकावड्याला आमच्या खाचरात भाताची आवणी चालू होती. माझी थोरली जाऊ कुंदाताई रोपं लावायला वाकली की तिच्या उजव्या नाकपुडीतून टपटप पाणी गळायचं... सरळ उभी राहिली की बंद.

घरात सगळ्यांनी सर्दी ठरवून टाकली. दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? सासूबाईंनी ओव्याची धुरी दिली, मी वाशिंदच्या कंपनीतून येताना गोळ्या आणल्या. ताईचं आपलं एकच, "काय नाय गो, पावसाळा गेला का जाईल."

पावसाळा गेला, पाणी नाही गेलं. दिवाळीच्या तोंडावर तिला सणसणून ताप भरला. मान वळेना, माणसं ओळखेना. कल्याणला अ‍ॅडमिट केलं. मेंदूच्या आवरणाला सूज, म्हणाले.

ती त्यातून वाचली. पण तिथल्या डॉक्टरांनी नाकाची चौकशी केली, तेव्हा कळलं. ते पाणी सर्दीचं नव्हतंच... मेंदूचं होतं!

मेंदूभोवती पाणी असतं, हेच मला तोवर माहीत नव्हतं. ते रोज नवं तयार होतं आणि जुनं हळूहळू रक्तात जिरतं म्हणे. ताई वर्षापूर्वी माळ्यावरून पडली होती, तेव्हा कवटीच्या तळाला कुठंतरी बारीक चीर गेली असावी. तिथून पाण्यानं नाकाची वाट धरली होती.

आणि त्याच वाटेनं जंतू वर जातात. पुन्हा असा ताप आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी माझ्या मोठ्या दिरांना स्पष्टच सांगितलं. दीर जिन्यावर बसूनच राहिले.

चीर शोधायला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पाठीच्या मणक्यातून त्या पाण्यात फोटोत उमटणारं औषध सोडलं, ते डोक्यापर्यंत जावं म्हणून टेबल डोक्याकडून खाली केलं आणि सीटी स्कॅन काढला. मेंदूभोवतीचं पाणी फोटोत पांढरंशुभ्र दिसत होतं... पण गळती कुठंच नाही. नाक कोरडं ठाक!

असला संताप आला मला त्या नाकाचा! महिनोन्महिने गळलं आणि आज नेमकं रुसून बसलं. चीर दिसल्याशिवाय ऑपरेशन करणार तरी कुठं?

स्कॅनच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्या बाहेर आल्या, ताईजवळ स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता? जास्त कधी गळतं?"

"आवणीला. वाकल्यावर."

"मग दाखवा की वाकून."

ताई जाम लाजली. अंगात हॉस्पिटलचा झगा, तोही मागून उघडा! मी तिच्या कमरेला चादर गुंडाळून खोचून दिली... आणि ती त्या गुळगुळीत लादीवर वाकली. रोपं नाहीत, चिखल नाही, पण हात तसेच चालवत एकेक पाऊल मागं मागं सरकायला लागली. वॉर्डबॉयनं गुपचूप ट्रॉली बाजूला घेतली. हसलं कोणीच नाही.

भिंतीपर्यंत पोचली, वळली, पुन्हा सुरू. आणि टप्प... लादीवर एक थेंब. मग दुसरा.

"आलं गो, आलं!" ताई ओरडली. मेंदूतलं पाणी गळतंय आणि आम्ही दोघी जावा खुळ्यासारख्या हसतोय!

डॉक्टरबाईंनी तिला लगेच पालथी झोपवून पुन्हा स्कॅन काढला. आता फोटोत एक पांढरी रेघ होती, मेंदूच्या तळापासून थेट नाकात उतरलेली. चीर सापडली. ऑपरेशन नाकातूनच झालं, आणि ताईला वाकायची सक्त बंदी झाली.

ताईला तिच्या कामाबद्दल विचारणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर. गडबडीत मी त्यांचं नावही विचारलं नाही... जिथं असतील तिथं सुखात असोत.

पुढच्या आवणीपर्यंत बंदी उठली. त्या दिवशी पाऊसही उघडला होता. ताई खाचरात उतरली, वाकली... आणि आम्ही सगळे हातातली रोपं तशीच धरून तिच्या नाकाकडे बघत राहिलो.

"माझ्या नाकाकडं काय बघता सगळी? हात चालवा!"

संध्याकाळी घरी येताना ताईचं नाक कोरडंच होतं. मीच आपली वाटभर नाक ओढत होते.