पुष्पांजलीचं तिकीट

त्या उन्हाळ्यात कामठ्यात एकच विषय होता. उमेंद्र पटलेनं बाई ठेवली. बाईचं नाव पुष्पांजली. आणि तिला घेऊन तो विमानानं युरोपला चालला, हनिमूनला! घरात बायको मंजू सदा आजारी, खाटेला टेकलेली, आणि ह्याचे हे धंदे.

बातमी निघाली हिमांशूच्या ऑनलाइन सेंटरातून. हिमांशूचा एक गुण असा की तो कोणाचं काही कोणाला सांगत नाही. प्रिंटरमधून निघालेला कागद तो फक्त मोठ्यानं वाचतो. उमेंद्रनं व्हिसाच्या फाइलीसाठी तिकिटं छापायला दिली तेव्हा सेंटरात सातबाऱ्यासाठी निम्मं गाव बसलेलं. हिमांशू वाचू लागला, "मिस्टर उमेंद्र पटले. नागपूर, दिल्ली, व्हिएन्ना. मिसेस पुष्पांजली उमेंद्र पटले..." आणि 'मिसेस'वर अडकला.

संध्याकाळपर्यंत ते पानठेल्यावर पोचलं.

"व्हिएन्ना कोठी येते गा?"

"बालाघाटच्या पुढं असन."

"पुष्पांजली! नावातच नखरा पाह्य किती हाय."

पीठगिरणीवर शामकलाबाईनं तर कमालच केली. "मी तं पायली बाप्पा तिले," म्हणाली. "गोरीपान आहे. गॉगल लावते. गोंदियाले टेशनावर उभी होती त्याच्यासंग." जी बाई जगात नव्हतीच, तिला शामकलाबाईनं गॉगलसकट पाहिलं होतं.

मग बातमी एसटीत बसून तिरोड्याकडे गेली, चोरखमाऱ्याला उतरली आणि मंजूच्या आईच्या, रुख्माबाईच्या, दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई कामठ्यात हजर. हातातली पिशवी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. उमेंद्र जेवत होता. ती त्याच्या ताटापुढे उभी राहिली.

"जवाईबापू, तुमाले मानानं इचारून राहिली. हे पुष्पांजली कोन व्हय?"

उत्तर खाटेवरून आलं, आणि ते हसण्याच्या रूपात आलं. मंजू अशी हसली की तिला बरगडी धरून वाकावं लागलं. हसणंही तिला दुखायचं.

"माय वो," ती म्हणाली, "ते मीच होय!"

खरं ते असं. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे लग्न लागून वरात घरी आली की पितळी परातीत तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीच्या टोकानं त्यात नवरीचं नवं नाव लिहितो. उमेंद्रनं लिहिलं, पुष्पांजली. आदल्या रात्री पाठ करून आला होता, तरी 'ष्प' लिहिताना बोट अडखळलं, तेव्हा बहिणी खिदळल्या. मग आत्यानं तेच तांदूळ उचलून खिरीत टाकले आणि जेवणं उरकेपर्यंत मंजूचं नवं नाव साऱ्या पाहुण्यांच्या पोटात गेलं. त्यानंतर त्या नावानं तिला कोणी हाक मारली नाही. आधारवर मंजू, रेशनवर मंजू, दवाखान्याच्या कार्डावर मंजू. एकटा उमेंद्र, दोघंच असली की, हळूच म्हणायचा, "पुष्पांजली, गोळी घेतली का?"

गोळी रोजची होती. मंजूला सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की माणूस दाताखाली पदर धरतो. तिनं हे लपवलं नव्हतं. मुलगी पाहायला आलेल्या उमेंद्रच्या हातात तिनं चहाच्या आधी तपासणीचं कार्ड ठेवलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतःचं रक्त तपासून घेतलं आणि चोरखमाऱ्याला परत गेला. "माह्यात नाही," म्हणाला, "तुह्यात आहे. म्हंजे जोडीत अर्धंच आहे." ह्या हिशेबावर लग्न झालं. घरच्यांनी कपाळाला हात लावला, तो लावलाच.

हनिमूनला पचमढीला जायचं ठरलं होतं, तर हळद उतरायच्या आत मंजूचे पाय दुखायला लागले. बायकांच्या वॉर्डात तिला सलाइन आणि उमेंद्र बाहेर पायरीवर, अंगात अजून लग्नाचा सफारी. आतून निरोप यायचा, त्यांना सांगा घरी जा. बाहेरून उलटा निरोप जायचा, तिला सांगा मी पचमढीलाच आहो.

पुढं उमेंद्रला राइस मिलच्या मशिनी बसवायचं काम लागलं. तांदळातून काळा दाणा, खडा वेचून उडवणारी सॉर्टेक्स मशीन. गोंदियाची कंपनी ती बाहेर देशात विकायची आणि जोडून द्यायला उमेंद्रला पाठवायची. कधी ढाक्याला, कधी टांझानियात. पहिल्या फेरीत कोणीतरी सांगितलं की विमान कंपनीचं कार्ड काढलं तर जितकं उडाल तितके मैल खात्यात पडतात, आणि मैल साचले की फुकट तिकीट मिळतं. त्या दिवसापासून उमेंद्र बदललाच. बाकीचे सरळ विमान मागायचे, हा वाकड्या वाटेचं मागायचा. दोन ठिकाणी उतरून जाणारं, म्हणजे मैल जास्त. गावातल्या पोरांना पेट्रोल भरायचं असलं की हा आपलं कार्ड घेऊन पंपावर उभा, पॉइंट माझे, त्यांचेही मैल होतात म्हणून.

सोबतचा फिटर वीरेंद्र त्याला चिडवायचा. "पटले, आकाशात मोजनी करून राहिला का बे, तलाठ्यावानी?"

"हाव. सातबारा बायकोच्या नावानं निघनार आहे."

मैलांचं घरचं जोडखातं उघडताना फॉर्ममध्ये 'पत्नीचे नाव' असं आलं. उमेंद्रनं घटकाभर विचार केला आणि मनातलं नाव लिहून टाकलं. पुष्पांजली उमेंद्र पटले. त्याला वाटलं, इतक्या वर्षांत ह्या नावाला कुठंतरी जागा मिळाली.

मंजूला युरोपच कशाला पाहिजे होता? तिनं एकदाच विचारलं होतं.

"अजी, तिथं मले कोनी ओळखन का?"

"कोन ओळखते तिथं?"

"कसं वाटून राहिलं, दुखते का, पोरंबाळं काऊन नाही, असं कोनी इचारन का?"

"इचारलं तं जर्मनमध्ये इचारन."

"मंग चालते. मले समजनच नाही."

त्यांची तयारी म्हणजे संध्याकाळचं कामच झालं. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन मंजू पडायची आणि म्हणायची, "वाचा." उमेंद्र मोबाइलवर तिथल्या रस्त्यांचे फोटो सरकवत जायचा. लोक तिथले मनोरे पाहतात, हा बसायला बाकडी शोधायचा. ह्या देवळासमोर बाकडं आहे. ह्या नदीकाठी आहे, पण उन्हात नाही. ह्या ट्रामची पायरी खाली आहे. त्याच्या युरोपात बघण्यासारखं थोडं आणि टेकण्यासारखं भरपूर होतं. मंजूला व्हिएन्ना म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, "येना." उमेंद्र म्हणायचा, "येतो ना." हा विनोद त्यांना रोज नवा वाटायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जायचं तर जूनमध्ये जा, तिकडे ऊन असतं. थंडीत अजिबात नाही. थंडीनं रक्त अडकतं. आणि मैलांवर मिळणाऱ्या जागा म्हणजे अशा की रोज सकाळी उठून पाहा, आज नाही, उद्या पाहा. शेवटी जूनच्या दोन जागा शेजारीशेजारी दिसल्या. उमेंद्रनं त्या लगेच घेतल्या, खात्यातली नावं आपोआप तिकिटांवर आली. त्याच तिकिटांनी गावात आग लावली होती.

तर रुख्माबाईला सगळं उलगडलं. ती पदरानं डोळे पुसत हसली, पिशवी खाली ठेवली, पाणी मागितलं. घोट घेऊन म्हणाली, "बरं झालं माय. पन कागदावर तं तू मंजूच आहेस ना?"

उमेंद्रचं हसू तिथंच थांबलं. पासपोर्ट आधारवरून काढला होता. त्यावर होतं, मंजू शालीकराम रहांगडाले.

त्यानं कस्टमर केअरला फोन लावला. स्पीकर चालू होता, सारं घर ऐकत होतं.

"सर, पासपोर्ट पे क्या नाम है?"

"मंजू शालीकराम रहांगडाले."

"और टिकट पे?"

"पुष्पांजली उमेंद्र पटले."

"सर, ये तो दो अलग पैसेंजर हैं."

"नहीं मॅडम, एकच है. शादी में चावल पे नाम लिखे थे."

"सॉरी सर, किस पे?"

"चावल पे. परात में."

बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग तोच गोड आवाज आला. "सर, चावल का कोई डॉक्यूमेंट है आपके पास?"

"वो तो खा लिए मॅडम, खीर में."

मंजू पुन्हा हसली. ह्या वेळी एकटीच.

नाव बदलता येत नव्हतं. पासपोर्टात बदलायचं तर आधी लग्नाची नोंदणी पाहिजे, ती कधी केलीच नव्हती, आणि जून दारात उभा होता. तिकिटं रद्द करायची, मैल परत घ्यायचे, खऱ्या नावानं नवी घ्यायची, एवढीच वाट होती. मैल परत आले. तोवर जूनच्या जागा गेल्या. जुलै नाही, ऑगस्ट नाही. दोघांना शेजारी जागा होत्या त्या नोव्हेंबरच्या शेवटी. आणि पुढल्या मार्चात मुदत संपून मैलच मरणार होते.

उमेंद्र अंगणात जाऊन बसला. मंजू भिंत धरत त्याच्या मागं आली.

"माह्या हातानं झालं," तो म्हणाला. "काय गरज होती मले ते नाव टाकाची?"

"तुमी टाकलं म्हून तं मले एक गोष्ट समजली."

"कोनती?"

"तुमच्या मनातल्या बाईचं नाव." मग ती त्याच्या खांद्याला धरून खाली बसली. "घ्या नोव्हेंबरचं. स्वेटर घालून मी कशी दिसतो, पायलं का तुमी कधी?"

डॉक्टर नाराज झाले. टोपी, मोजे, पाणी, आणि निघायच्या आधी तपासणी, असं ठरलं. पावसाळा मंजूला बरा गेला. धानाची रोवणी चालू असताना ती तळ्याच्या बांधापर्यंत चालत जायची नि परत यायची, तिथं चालावं लागेल म्हणून. बायका चिखलातून ओरडायच्या, "येनाले निघाली का व?" हीसुद्धा पदर खोचून, "हाव, येतो जाऊन!" एव्हाना साऱ्या गावाला 'येना' पाठ झालं होतं. शामकलाबाईनं तर एक लोकरी टोपी विणून आणली. गॉगलबद्दल ती काही बोलली नाही.

दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, दंडारीचे खेळ झाले, आणि त्या मागोमाग थंडी आली. मंजूला आधी साधा खोकला होता. मग छातीत कळ आली, श्वास पुरेना. गोंदियाहून नागपूरला नेलं. विमान नागपूरहूनच होतं. तिकिटाच्या दिवशी दोघं त्याच शहरात होते, विमानतळ मात्र भलत्या दिशेला होता.

मंजूच्या नाकाला नळी. ती थांबत थांबत बोलत होती.

"आता बसलो असतो ना आपन?"

"बसलो असतो."

"खिडकी कोनाले?"

"तुले."

"मंग तुमी मधात बसून काय पायलं असतं?"

"तुले."

"इतके वर्सं पायलं," ती म्हणाली, "अजून पोट भरलं नाही का बाप्पा?"

नाही म्हणायला उमेंद्रनं मान हलवली. त्याच आठवड्यात मंजू गेली.

लोकांनी त्याला खूप समजावलं. तू जाऊन ये, तिच्या नावानं तरी जाऊन ये. वीरेंद्र म्हणाला, तिकिटं गेली, पण खात्यात बाकी मैल आहेत, मार्चाच्या आत वापर. उमेंद्र कोणाशी भांडला नाही. हो म्हणायचा आणि बैलाला वैरण टाकायला जायचा. मोबाइलवरचे बाकड्यांचे फोटो त्यानं पुसले की ठेवले, हे विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. मार्च आला आणि गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीनं त्याला पुन्हा टांझानियाला पाठवलं. तो निघायच्या दिवशी मी, त्याची पुतणी, त्याच्याशी समोशाची पैज लावली. मी म्हटलं, काका, काउंटरवर गेल्यावर मैलांच्या कार्डाचा नंबर तुझ्या तोंडून आपोआप निघणार. पोपटासारखा पाठ आहे तुला, झोपेतही म्हणतोस.

"नाही देनार," तो म्हणाला.

"देशीन."

"लाव पैज."

तो परतला तेव्हा बूट काढायच्या आत त्यानं खिशातून बोर्डिंग पास काढून माझ्या हातात ठेवले. जातानाचे आणि येतानाचे. नावाखाली नंबराची जागा सगळ्यांवर कोरी होती.

"ते पोरगी म्हने, सर, मेंबरशिप नंबर?" त्यानं सांगितलं. "म्या म्हटलं, नाही. म्हने, सर, लंबा रूट है, इतने माइल्स वेस्ट हो जाएंगे. म्या म्हटलं, होऊ दे बाई."

आणि हात धुवायला तो मागं गेला. मी समोसे आणायला निघाले.