दोनदा ओढलेली शाई

दादा गेल्याचा फोन रचनाचा आला. ही दादाची विद्यार्थिनी, झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्याची; मला आत्या मानून बुआजी म्हणते. एरवी बोलायला लागली की थांबत नाही, त्या दिवशी नुसतं "बुआजी... सर..." एवढंच म्हणाली. मी दुकानात लग्नपत्रिका छापत होते. शाईच्या हातांनीच कॉलेजात धावले. दीड महिना झाला त्याला.

माझा भाऊ इथे झाशीत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि उरलेला वेळ एकाच वेडात घालवायचा. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर अशी शाई छापायची, की तिच्यातून आरपार दिसलंही पाहिजे आणि वीजही वाहिली पाहिजे. तापवल्याशिवाय ती वीज वाहत नाही, आणि भट्टीत घातलं तर प्लॅस्टिक आक्रसतं. म्हणून लेझरने फक्त शाईचा थर भाजायचा. छपाईला मी: जाळीवर शाई घालायची आणि रबराने ओढून खालच्या फिल्मवर उतरवायची. घरचंच दुकान, फुकटचे हात! "कुमे, रबर एकदाच ओढ हं. पत्रिका नाहीये ही," असं त्याने पन्नासदा बजावलं. पण रंग भरीव उठावा म्हणून दोनदा ओढायची माझी जन्माची सवय. या शाईला रंगच नव्हता, हे हाताला कोण सांगणार? थर जाड व्हायचा, वरून भाजायचा, आत कच्चाच. दादाने विचारलं, "एकदाच ना?" मी ठोकून दिलं, "एकदाच." त्याच्यासमोर चूक कबूल करणं लहानपणापासून माझ्या जिवावर यायचं.

तो बिचारा लेझरचा वेग बदलत बसला. याच शाईवर रचनाचा प्रबंध होता; माझ्यामुळे तो रखडला, या विचाराने मला घास गोड लागेना. शेवटी एक दिवस गुपचूप एकदाच ओढली. फिल्मच्या त्या पट्टीतून वीज वाहिली, इवलासा दिवा लागला. "चला, लेझर सुधारला!" दादा म्हणाला. खरं सांगायचं होतं... उद्या सांगू, उद्या सांगू, करत राहिले.

तेराव्याच्या दिवशी न राहवून रचनाजवळ सगळं बोलून टाकलं. ती ओल्या डोळ्यांनी हसली. "बुआजी, सर को तो पहले हफ्ते से पता था. हमने मोटाई नापी थी ना. बोले, टोकना मत, खुद बताएगी. तब तक मोटी परत पर भी काम कर लो, थीसिस में एक चैप्टर बढ़ जाएगा."

म्हणजे तो दिवा लागल्यावरही सबंध हिवाळाभर दादा रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा, ते मी आपणहून सांगावं यासाठी. चहा संपला तरी उठायचा नाही. "आणखी काय, कुमे?" विचारायचा. आणि मी म्हणायची, "काही नाही रे... अर्धा कप अजून घेतोस?"